गर्भ पडतो तेव्हा: ४६ चा हिशेब, सलाइनची डबी आणि नवऱ्याचं रक्त

बाजाराच्या दिवशी आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खेड्यावरून तालुक्याला यायचंच असतं, मग खताची चौकशी, बँकेचं काम, भाजीपाला आणि रक्ततपासणी, सगळं लोक एकाच फेरीत उरकतात. अशाच एका मंगळवारी सासू-सून आल्या. सून तेवीस-चोवीस वर्षांची. तिसऱ्यांदा गर्भ पडलेला. दोनदा सोनोग्राफीत ‘ठोके आले नाहीत’ म्हणून पिशवी साफ करावी लागली, एकदा घरीच पडला. सासूबाईंनी कॅरीबॅगमधून फाइल काढली. थायरॉइड, शुगर, टॉर्च (गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी), पुन्हा टॉर्च, आणखी एकदा टॉर्च. एवढ्या जाड फाइलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून मोबाइल पाहत होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र या वेळी लिहिलं होतं, ‘दोघांचं कॅरिओटाइप’, म्हणजे दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी.

“तिचंच घ्या रक्त,” सासूबाई म्हणाल्या. “पोट तिचं पडते. माह्या पोराचं कायले घेता जी?”

मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागतो की त्याचं उत्तर आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

बी बापाचं आणि वावर आईचं, ही समजूत आपल्याकडे फार खोल मुरलेली आहे. पीक उगवलं नाही की दोष वावराला. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मजुरीला गेलेल्या बायकांना मात्र खरं काय ते ठाऊक असतं. हायब्रीड बी एका झाडाचं नसतं. मादी वाणाची कळी सोलायची, तिच्यावर नर वाणाचे पराग लावायचे, तेव्हा कुठे सरकी तयार होते. माणसाचंही तसंच. गर्भ हे जे बी आहे, त्यातलं अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं. वावर आईचं, हे बरोबर. पण बियाण्यातही तिचा निम्मा वाटा आहे आणि उरलेला निम्मा नवऱ्याचा. बी तपासायचं तर दोघांचं तपासावं लागतं.

आता या बियाण्याच्या आत काय असतं ते पाहू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. शरीर कसं घडवायचं याच्या सगळ्या सूचना या गुणसूत्रांवर ओळीने लिहिलेल्या असतात. त्या सूचना म्हणजेच जनुकं, ज्यांना आपण जीन्स म्हणतो. हे ४६ मोजणं सोपं नव्हतं. १९२० च्या दशकापासून सगळे शास्त्रज्ञ माणसात ४८ गुणसूत्रं असतात असंच धरून चालले होते. १९५६ साली स्वीडनमधल्या लुंड इथे त्जिओ आणि लेव्हान या दोघांनी नीट मोजून ४६ हा आकडा पक्का केला. म्हणजे मोजण्यातल्या चुका एकट्या निसर्गाकडूनच होतात असं काही नाही.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना या जोड्या सुटतात. प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जातं, २३ इकडून आणि २३ तिकडून. दोन्ही भेटले की पुन्हा ४६. सगळी मेख या जोड्या सुटण्यात आहे. एखादी जोडी सुटलीच नाही तर बीजात २४ जातात किंवा २२. मग गर्भात ४७ होतात, नाहीतर ४५. कधी एकाच स्त्रीबीजात दोन शुक्राणू शिरतात आणि २३ चे तीन संच होऊन आकडा ६९ वर जातो.

जोडी का महत्त्वाची, ते खेचराकडे पाहून कळतं. घोड्यात ६४ गुणसूत्रं, गाढवात ६२, आणि खेचराच्या वाट्याला येतात ६३. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर ओझं भरपूर वाहतं पण त्याला पिल्लू होत नाही. आपण खातो त्या केळ्याचंही तेच. त्यात तीन-तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. ओटीत घातलेलं केळं स्वतः वांझ असतं आणि ते आपल्याला चालतं. मूल नसलेली बाई मात्र त्याच ओटीच्या कार्यक्रमाला चालत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांची तपासणी केली तर निम्म्याहून अधिकांत हाच आकड्यांचा घोळ सापडतो. तीनदा येणाऱ्या गुणसूत्रांत सोळावं सगळ्यात जास्त वेळा दिसतं. सोळाव्याच्या तीन पूर्ण प्रती घेऊन कोणताही गर्भ दिवस भरेपर्यंत टिकत नाही. एकविसावं तीनदा आलं तर काही गर्भ टिकतात आणि डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्माला येतं. एक्स गुणसूत्र एकच असेल तर बहुतेक गर्भ पडतात, थोडे टिकतात. साधारण २५०० मुलींमागे एक मुलगी अशी जन्मते. त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात.

हे सांगितलं की समोरचा माणूस घाबरतो. ‘जेनेटिक’ हा शब्द कानावर पडला की त्याला ‘खानदानी’ ऐकू येतं. आजीपासून चालत आलेला दोष, नातवंडांपर्यंत जाणारा. इथेच खरा गोंधळ आहे. आकड्याची चूक जनुकीय असली, तरी बहुतेक वेळा ती आनुवंशिक नसते. आईचे ४६ चोख, बापाचे ४६ चोख, फक्त त्या एका महिन्याच्या त्या एका बीजात वाटणी चुकली. पुढच्या महिन्याचं बीज वेगळं. जड वस्तू उचलली म्हणून, एसटीत धक्के बसले म्हणून, पपई खाल्ली म्हणून, सासऱ्याशी भांडण झालं म्हणून सोळावं गुणसूत्र तिसऱ्यांदा येत नाही. ती चूक दिवस राहिले त्याच घडीला, किंवा त्याच्याही आधी, होऊन गेलेली असते. बाईला कळतं महिना-दीड महिन्यानं.

वयाचा यात मोठा वाटा आहे. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी स्त्रीबीजं तिच्या पोटात तयार असतात, आणि त्यांच्या जोड्या अर्धवट सुटलेल्या अवस्थेत थांबून राहतात. वीस वर्षांनी एखादं बीज पिकलं तर त्या जोडीला धरून ठेवणारे प्रथिनांचे धागे वीस वर्षं जुने असतात, चाळिसाव्या वर्षी चाळीस वर्षं जुने. जुनी सुतळी कुठे तुटेल ते सांगता येत नाही. म्हणून पंचविशीच्या आसपास दहात एक गर्भ पडतो, आणि चाळिशीनंतर तिनात एक. शुक्राणू मात्र आयुष्यभर नव्याने बनत राहतात, एका खेपेला साधारण अडीच महिने लागतात.

मग आमच्या भागात तर मुलींची लग्नं विशी-बाविशीत होतात. त्यांचे गर्भ का पडावेत? एखादा पडला तर तो दहातला एक धरा. दोन पडले तरी केवळ योगायोग असू शकतो. पण दोन किंवा अधिक वेळा झालं की डॉक्टर कारण शोधायला लागतात. काही ठिकाणी तीनची वाट पाहतात. आणि इथे नवऱ्याचं रक्त लागतं.

समजा, घरात २३ खंडांचा एक मोठा ग्रंथ आहे आणि त्याचे दोन संच आहेत. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. बाइंडिंग करणाऱ्याने एका संचात घोळ घातला. अकराव्या खंडाची शेवटची पानं बाविसाव्याला शिवली आणि बाविसाव्याची अकराव्याला. पान एकही हरवलं नाही, एकही जास्त झालं नाही. घरातल्या माणसाला सगळा मजकूर मिळतो, त्याचं काहीच अडत नाही. असा माणूस धडधाकट असतो, वावरात राबतो, कुस्ती खेळतो. पण मुलाला द्यायचा असतो प्रत्येक खंडाचा एकच. त्याने चुकीने शिवलेला अकरावा दिला आणि बाविसावा मात्र दुसऱ्या, चांगल्या संचातला, तर मुलाकडे बाविसाव्याची काही पानं दुबार जातात आणि अकराव्याची काही पोहोचतच नाहीत. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. त्याने दोन्ही चांगले दिले तर मूल चोख. दोन्ही शिवलेले दिले तर मूल बापासारखंच, म्हणजे तब्येतीने ठणठणीत आणि पुढे हाच प्रश्न घेऊन उभं.

याला संतुलित स्थानांतर म्हणतात, डॉक्टर ‘बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन’ म्हणतील. साधारण ५०० माणसांत एक जण असा असतो आणि त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ज्यांचे गर्भ वारंवार पडतात अशा जोडप्यांत शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एकाकडे हे सापडतं. तो एक नवराही असू शकतो, बायकोही. दुसऱ्या एका प्रकारात दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून एकच होतात. मग मोजणीत ४५ येतात आणि माणूस तरीही निरोगी. असा रिपोर्ट हातात पडला की लोकांना वाटतं लॅबनेच चुकीचं मोजलं.

सासूबाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी म्हटलं, “काकू, बी दोघांचं. एकाचंच तपासलं आणि दोष दुसऱ्यात निघाला, तर हे पैसे वाया.” पैशाचं कारण लगेच पटतं. या तपासणीला माणशी काही हजार रुपये लागतात आणि ती आयुष्यात एकदाच करायची असते. पोराला आत बोलावलं गेलं.

ही तपासणी साध्या रक्ततपासणीसारखी नसते. पेशी जिवंत लागतात. हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत दोन-चार मिली रक्त घ्यायचं. मोठ्या लॅबमध्ये त्यातल्या पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र ओळीत मांडून पाहतात. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. सँपल नागपूरला नेणाऱ्या मुलाच्या डिकीत ती नळी तशीच राहिली तर पेशी वाटेतच मरतात. बर्फाला थेट टेकवली तरी मरतात. म्हणून उन्हाळ्यात मी जेल पॅक कागदात गुंडाळून, मध्ये थर्माकोल ठेवून पाठवते.

याहून मोठी चूक एका ठिकाणी नेहमी होते आणि ती मला फार सलते. पडलेल्या गर्भाचा तुकडा तपासला तर सगळ्यात थेट उत्तर मिळतं. आकड्याची चूक होती की नव्हती, ते कळतं. पण पिशवी साफ केल्यावर तो तुकडा सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकला जातो. बायोप्सीला तेच लागतं, म्हणून हातही तिकडेच जातो. फॉर्मालिनमध्ये पडली की पेशी मेली, तिच्यातला डीएनएही खराब झाला. माझ्याकडे फॉर्मालिनच्या बाटल्या घेऊन आलेल्या कितीतरी नवऱ्यांना मी परत पाठवलं आहे. त्यांचा चेहरा पाहवत नाही. तपासणी करायची असेल तर निर्जंतुक डबीत साधं नॉर्मल सलाइन घ्यायचं, त्यात तुकडा ठेवायचा आणि त्याच दिवशी पाठवायचा. घरी पडला तरी स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात न्यायचा. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला तर चालतो, बर्फाच्या खान्यात नाही. सोबत आईचंही थोडं रक्त पाठवतात, कारण तुकड्यात कधीकधी आईच्याच पेशी येतात आणि रिपोर्ट खोटाच ‘नॉर्मल’ येतो. हे सगळं पिशवी साफ करण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. नंतर हाती काही उरत नाही, मग नवरा-बायकोचं रक्त तपासणं एवढाच मार्ग राहतो.

तुकड्यात आकड्याची चूक निघाली तर ते ऐकायला वाईट, पण पुढच्यासाठी बरंच म्हणायचं. कारण सापडलं, ते बहुधा त्या एका वेळेपुरतं होतं आणि पुढचं बाळ टिकण्याची शक्यता चांगली असते.

आता ज्यांना दिवसच राहत नाहीत त्यांच्याबद्दल थोडं. अशा जोडप्यांत निम्म्या ठिकाणी नवऱ्याकडचं कारण एकटं किंवा भागीदार म्हणून असतं. पहिली तपासणी वीर्याची, आणि ती स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. शुक्राणू एकही दिसला नाही तर गुणसूत्रं तपासतात. पाचशे-सहाशे पुरुषांत एकाकडे एक्स गुणसूत्र एक जास्त असतं, ४७. त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. उंच, दिसायला सर्वसाधारण माणूस, लग्नानंतरच कळतं. काहींच्या वाय गुणसूत्रातला छोटासा तुकडा गळालेला असतो. त्यातल्या एका प्रकारात शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळतात आणि टेस्ट ट्यूबने मूल होऊ शकतं, पण मुलगा झाला तर तोच तुटका वाय त्याच्याकडे जातो. बाईकडे पाळी चाळिशीच्या आतच बंद झाली असेल तर टर्नरचा सौम्य प्रकार किंवा फ्रॅजाइल एक्स नावाचा बदल पाहतात. आणि सगळं काही जनुकांवर ढकलायचंही नाही. आपल्या देशात टीबीने बंद झालेल्या नळ्या हे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे.

विदर्भात हा विषय निघाला आणि सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, नाव आलं नाही, असं होतच नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, सगळीकडे आशाताईंमुळे ‘एएस’ (नुसता वाहक) आणि ‘एसएस’ (आजार असलेला) हे शब्द घरोघरी पोहोचले आहेत. १ जुलै २०२३ ला देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. पण त्यातून नवा गैरसमज निघाला. बाई ‘एएस’ निघाली की “म्हणूनच हिचे गर्भ पडतात” असं घरचे म्हणतात. नुसतं वाहक असल्यामुळे गर्भ एकामागोमाग पडत नाहीत. बाई स्वतः ‘एसएस’ असेल तर मात्र तिचं बाळंतपण जोखमीचं, गर्भ पडण्याची आणि पोटात बाळ दगावण्याची भीतीही जास्त. ती हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध घेत असेल तर दिवस राहण्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं. नवरा-बायको दोघेही ‘एएस’ असतील तर दर खेपेला बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. हा २५ टक्क्यांचा हिशेब प्रत्येक बाळंतपणाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पहिलं ‘एसएस’ झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर? सख्ख्या मामे-आतेभावंडांची एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. त्यामुळे दोघांनी एकच लपलेला दोष मुलाला देण्याची शक्यता वाढते. जन्मजात आजाराची जोखीम एरवी शंभरात दोन-तीन असते, ती पाच-सहाच्या आसपास जाते. उलटीकडून पाहिलं तर शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव मुलं चांगलीच असतात. नात्यात लग्न झालं आहे एवढ्यावरून गर्भ का पडतो याचं उत्तर मिळत नाही.

माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन एक सांगते. फाइलमधल्या त्या तीन-तीन टॉर्च तपासण्यांनी वारंवार गर्भ पडण्याचं कारण कळत नाही. ‘एमटीएचएफआर’ नावाची महागडी जनुक तपासणीही अशीच. त्यातले बदल इतके सर्रास आढळतात की रिपोर्टमध्ये काहीतरी निघतंच, आणि उपचार मात्र ठरतो फोलिक ॲसिडची गोळी, जी सरकारी दवाखान्यात तपासणीशिवायच फुकट मिळते. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचे कोर्सही काही जण करून येतात. त्याने फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. याउलट रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी खरंच कामाची आहे. ती बारा आठवड्यांनी पुन्हा करायची, दोन्ही वेळा आली तर ॲस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं उपयोगी पडतात. हा आजार जनुकीय नाही, पण यावर उपचार आहे.

स्थानांतर सापडलं तर पुढे काय? बहुतेक जोडप्यांना काही खेपा गेल्या तरी पुढे आपोआप चांगलं मूल होतं. दिवस राहिल्यावर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा कण किंवा त्यानंतर गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं पाहता येतात. त्याबद्दल लोक उगाच घाबरतात, कारण गर्भलिंग तपासणी बंदीचा कायदा सगळ्यांना माहीत आहे. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हाच आहे. पण त्याच १९९४ च्या कायद्यात लिहिलं आहे की दोन किंवा अधिक वेळा गर्भ पडला असेल तर नोंदणी असलेल्या केंद्रात ही तपासणी करता येते. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ तयार करून, तपासून मग पिशवीत सोडण्याची सोयही आहे. खर्च लाखांत जातो, आणि वय कमी असेल तर दरवेळी ती गरजेची असतेच असं नाही.

त्या मंगळवारच्या जोडप्याचा रिपोर्ट अठरा दिवसांनी आला. दोघंही ४६, चोख. सून एकटीच आली होती रिपोर्ट न्यायला.

“म्हंजे कारण भेटलंच नाई का ताई?” तिने विचारलं.

मी तिला सांगितलं की निम्म्या जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, आणि अशा बायकांपैकी बऱ्याच जणींना, साधारण तिनातल्या दोघींना, पुढच्या खेपेला बाळ होतं. अँटिफॉस्फोलिपिडची दुसरी तपासणी कधी करायची तो महिना तिच्या फाइलवर लिहून दिला. जाताना ती दारात थांबली. ती सलाइनची डबी कुठे मिळते, विचारत होती. मी कपाटातली एक सीलबंद डबी काढून दिली. तिने ती फाइलच्या कॅरीबॅगमध्ये तळाशी ठेवली आणि म्हणाली, “नाईच लागली तर वापस आणून देईन.”